पट्टा काढला की भटकी

एर्लांगेनला कुत्रा पाळला की नगरपालिकेला दरवर्षी कर भरावा लागतो, हे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना आधी थट्टाच वाटते. पण बेवारशी कुत्रं इथे औषधालाही सापडत नाही. त्यामुळे शेजारीपाजारी आम्हाला हमखास विचारतात, तुमच्याकडे नसबंदी करत नाहीत का?

करतात की! २००१ साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले, २०२३ साली ते नव्याने आले. भटकं कुत्रं धरायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खुणेची खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. हे पालिकेने आणि प्राणिमित्र संस्थांनी करायचं. पाळीव कुत्र्याचं मात्र मालकाने बघायचं. दोन खणांचा चोख तक्ता. (आम्हा इंजिनियर लोकांना असे तक्ते फार आवडतात.)

पण देशातल्या आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची राणी कुठल्या खणात बसवायची? भाकरी मावशींच्या घरची, झोपणं त्यांच्या पत्र्याखाली, हिंडणं साऱ्या वस्तीत. वर्षातून साधारण दोनदा माजावर येणार, त्यानंतर त्रेसष्ट दिवसांनी पाच-सहा पिल्लं. नर कुणीतरी नेतं. माद्या गोणीत घालून लांब सोडल्या जातात, आणि तिथे त्या 'भटक्या' होतात.

खासगी दवाखान्यात या शस्त्रक्रियेला काही हजार रुपये पडतात. ते आम्ही देऊ केले, तर मावशी म्हणाल्या, "दादा, पैशाचं नंतर बघू. तिला न्यायची कशी? रिक्षावाला घेत नाही, अन् माझे दोन खाडे पडतात." शेवटी त्यांनीच तोड काढली. कुत्री धरायची गाडी वस्तीत आली त्या दिवशी राणीच्या गळ्यातला पट्टा काढून ठेवला! चार-पाच दिवसांनी राणी खाचेचा कान घेऊन परत आली. तोवर मावशींच्या घशाखाली घास उतरला नव्हता, कारण आपली म्हणून चौकशी करायचीही सोय उरली नव्हती.

लसीच्या बाबतीत गोव्याने हा घोळ मिटवला. २०१३ साली सुरू झालेल्या 'मिशन रेबीज'ची पथकं तिथे दारोदार गेली. मालकाने धरलेल्या कुत्र्याला दारातच टोचलं, मोकाट असेल तर जाळं टाकून. २०२१ साली गोवा 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं.

लस मिनिटात होते. शस्त्रक्रियेला भूल, निर्जंतुक हत्यारं, पाणी, वीज लागते, शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी जवळ लागतं. पण हे सगळं गाडीत मावतं; अमेरिकेत अशा गाड्या गरीब वस्त्यांतून वर्षानुवर्षं फिरताहेत. महाराष्ट्रात १९६२ नंबर फिरवला की गाईम्हशींसाठी पशुवैद्याची गाडी गोठ्यापर्यंत येतेच ना?

इथलेही गरीब मालक सुखात आहेत असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पशुवैद्यांचं सरकारी दरपत्रक वाढलं, आणि त्याच्या खाली उतरायची डॉक्टरला सहसा मुभा नसते.

गणपतीत मंडळाची देणगीपेटी फिरते. यंदा त्यातलं काही कुत्र्यांसाठी द्यायचं ठरलं, तर आमचं म्हणणं, पिंजऱ्यांना नको. एखाद्या संस्थेच्या गाडीचं वर्षाचं डिझेल आणि भुलेची औषधं द्या. अट एकच: पट्टेवालं कुत्रंही घ्यायचं. हे फोनवर मावशींना सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसरी अट घातली. गाडी दुपारी तीननंतर यावी, तोवर कामं उरकत नाहीत.