सुट्टीचा उद्योग : मागचं ओझं
मंडळी, गेल्या वर्षी याच पानावर मी माझ्या मासेमारीच्या कयाकचं कौतुक केलं होतं. १४ फूट लांब, पायाने पेडल मारत चालवायची, वजन १२० पौंड. ती गाडीच्या टपावर चढवायला तेव्हा मुलगा होता. ऑगस्टमध्ये तो कॉलेजला गेला आणि पहिल्याच रविवारी माझी कंबर धरली. मग ट्रेलर घेतला. एकट्याने कयाक त्यावर सरकवता येते. वाटलं, प्रश्न सुटला.

ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टनला निघालो. शेजारी बायको, डब्यात पोहे. आय-४५ वर वेग ६५ मैलांवर गेला आणि ट्रेलर शेपटी हलवू लागला. बघता बघता गाडीही डोलायला लागली. "अहो, ब्रेक मारा!" ही ओरडली. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की डोलणं आणखी वाढतं. मी स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. वेग उतरला, ट्रेलर शांत झाला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

चूक माझीच होती. बर्फाने भरलेला कूलर, बॅटरी, नांगर, सगळं मी कयाकच्या मागच्या टोकाला ठेवलं होतं. वजन चाकांच्या मागे गेलं आणि हुकवरचा भार हलका झाला. ट्रेलर, कयाक आणि सामान मिळून जे वजन होतं, त्याचा १० ते १५ टक्के भार हुकवर हवा. माझं एकूण ३६० पौंड, म्हणजे ३६ ते ५४. घरी ट्रेलर सपाट ठेवून दांडीच्या टोकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. भरला जेमतेम २०! आता कयाक पुढे सरकवली आहे आणि कूलर डिकीत जातो.

आणखी तीन गोष्टी. सुरक्षा-साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घ्या. जोड सुटला तर दांडी त्यांत अडकते. पट्टे फार कचकचून आवळू नका, उन्हात प्लॅस्टिकला खळगे पडतात. आणि ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी चाकं थंड होऊ द्या, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये खारं पाणी ओढलं जातं.

आमच्या हर्णैला होडी वाळूवर ओढायची असली, की शेजारीपाजारी न बोलावता हात लावायला येत. इथे ते काम ट्रेलरवर सोपवलंय. पण परवा मुलाचा फोन आला. "बाबा, निघण्याआधी वजन मोजता ना?"

मोजतो रे. आणि थँक्सगिव्हिंगला आलास की एक टोक तूच धर.