ताटीबाहेरचा आवाज

लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावताना काटा केसभर सरकला की गाण्यात खरखर मिसळत असे. आंतरजालाने ती झटापट संपवली. आज मुक्ताईनगरात घरबसल्या, मोबाइलवरच्या ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपमधून, आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या स्वच्छ ऐकता येतात. उलट दिशेने, जळगाव केंद्राचा आवाज पोटापाण्यासाठी सुरतेला वा पुण्याला गेलेल्या खानदेशी माणसापर्यंत जातो. हा लाभ लहान नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे.

तरीही या सुखात आपण एक गोष्ट गमावत आहोत असे मला वाटते. ती म्हणजे, आपण न निवडलेला आवाज.

जुना रेडिओ घरात एकच असे आणि तो सर्वांचा असे. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम अभ्यास करणाऱ्या मुलाच्या कानी पडे. मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ ज्यांचा गिरणीशी संबंध नव्हता अशा घरांतही वाजे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते आठवड्याला एक या क्रमाने ऐकवली. पुढच्या गीतासाठी थांबणे हा त्या आस्वादाचाच भाग होता, आणि थांबत असे ते संपूर्ण घर.

यावर आक्षेप येईल की, आंतरजालावरचा रेडिओ तेच प्रक्षेपण ऐकवतो. मग बदलले काय? बदलली ती ऐकण्याची रीत. घरातल्या चार माणसांच्या कानांत चार केंद्रे असतात. निवेदन लांबले वा बोली अनोळखी वाटली की बोट पुढच्या केंद्राकडे सरकते. ऐकण्याचे स्वातंत्र्य वाढले, सोशिकता मात्र घटली.

साहित्याच्या अभ्यासकाने याची चिंता का करावी? कारण भाषेचा कान नकळत तयार होतो. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याआधी ती जात्यावर आणि शेतात उमटत होती, आणि त्यांच्या मुलाने व आप्तांनी ती ऐकून उतरवली नसती तर विरून गेली असती. आपला विद्यार्थी तीच गाणी वर्गात प्रमाण मराठीच्या उच्चारांत वाचतो. अर्थ कळतो, पण बोलीचा हेल हरवतो. तो हेल पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. जवळच्या केंद्रावर बोलणारा शेतकरी किंवा ओवी म्हणणारी बाई तो देऊ शकते; अट एवढीच की त्यांचे बोलणे संपेपर्यंत आपण थांबले पाहिजे.

हे गाव मुक्ताईचे आहे. रुसून ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांना तिने बाहेरून साद घातली, अशी ताटीच्या अभंगांमागची परंपरेने सांगितलेली कथा आहे. इअरफोन ही आपली आजची ताटी. आंतरजालाचा रेडिओ नाकारण्याचे कारण नाही. तो मोबाइलला लहानसा स्पीकर जोडून स्वयंपाकघरात वा ओसरीवर लावावा आणि दिवसातून निदान एक तास केंद्र बदलू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. त्या तासात जे नकोसे वाटेल, कदाचित तेच आपल्याला ऐकणे शिकवील.