वणवा आपोआप लागत नाही

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस जळत होतं, तेव्हा ते रील तुमच्याही फोनवर आले असतील. पेटलेले बंगले, गाड्या सोडून पळणारी माणसं. आमच्या पवनीकडचा वणवा तसा दिसत नाही. एप्रिलच्या रात्री जंगलात दूरवर एक बारीक लाल रेघ सरकताना दिसते, बस्स. आग जमिनीवरच्या पाल्यातून चालते, ज्वाळा बहुतेक वेळा गुडघा-कमरेएवढ्या. मोठी झाडं उभीच राहतात, घरं जळत नाहीत. म्हणून बातमीही होत नाही.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम. साग, तेंदू, मोह पानं गाळतात आणि पाचोळ्याचा गालिचा तयार होतो. पण पाचोळा स्वतःहून पेटत नाही. आपल्याकडच्या पानझडी जंगलातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कधी विडीच्या थोटकाने, कधी मुद्दाम.

मुद्दाम का, ते समजून घ्या. मोहफुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात. खालचा पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळट फूल लगेच दिसतं. तेंदूचं गणित वेगळं. आग फिरून गेली की झुडपांना कोवळी, मोठी पानं फुटतात, आणि मे महिन्यात फडीवर मजुरी मिळते ती अशा पानांच्या पुड्यांवर. एका पुड्यात 70 पानं मोजून द्यावी लागतात. पावसाळ्याआधी हातात रोकड आणणारं हेच काम. एका झाडाखाली लावलेली आग वारा सुटला की त्या झाडापुरती राहत नाही, एवढंच.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. 2012 मध्ये घोषित झालेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य त्यात आलंच. पण शेकडो मोहांखाली पहारा कोण देणार? आणि ‘गावकरीच जंगल जाळतात’ असं कॅन्टीनमध्ये बसून म्हणणं मला जरा स्वस्त वाटतं. नुकसान पहिलं त्यांचंच होतं. मोह-तेंदूची रोपटी जळतात, म्हणजे पुढच्या पिढीची झाडं गेली. गुरांचा चारा जातो.

आणि विझवायला जातो तोही गावातलाच रोजंदारीचा मजूर. जय नावाचा प्रसिद्ध वाघ ज्या नागझिऱ्यातून आमच्याकडे आला होता, तिथे एप्रिल 2021 मध्ये वणवा विझवताना तीन मजुरांचा जीव गेला, दोघे भाजले. मोठ्या वणव्यापुढे या माणसांच्या हातात काय असतं? ब्लोअर मशीन, नाहीतर हिरव्या फांद्या.

उपग्रह आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीची सूचना थेट मोबाईलवर येते. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. सूचना आल्यावरही डोंगरात पायीच चढावं लागतं. जाळरेषा, म्हणजे पाला साफ करून ठेवलेले पट्टे, वेळेवर तयार असतील तरच आग अडते.

खरा उपाय मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात दिसतो. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूसाठी फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात, हे त्यांनी पाहिलं होतं. कमाई ते बांबूतून करतात. अर्थात हाताशी बांबू होता म्हणून हे जमलं. सगळ्यांकडे तो नसतो.

मोहासाठी त्याहून सोपी युक्ती आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी बांधायची. फूल वरच्या वर झेललं जातं, स्वच्छ राहतं, पाला जाळायची गरजच उरत नाही. फक्त एका घराच्या वाट्याला पाच-सात झाडं असतील, तर तेवढ्या जाळ्यांचे पैसे मार्चच्या आधी कोणी द्यायचे?