ऑटोमॅटिक गाडीचं तेल घरपोच बदलायचं? आधी ‘नाही’ म्हणायला शिका



परवा कुंभवलीहून एका तरुणाचा फोन आला. तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, शिफ्टची नोकरी. म्हणाला, “सर, सुट्टीच्या दिवशी घरपोच सर्व्हिसिंग करतो. इंजिन ऑइल तर करतोच, आता ऑटोमॅटिक गाड्यांचं गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टरपण घेतो. व्हिडिओ बघितले, सोपं आहे.”

मी विचारलं, “गाडी कुठल्या प्रकारची ऑटोमॅटिक, हे कसं ओळखणार?”

“दोन पेडल असले की ऑटोमॅटिक, सर.”

इथेच सगळी गोम आहे. माझं मत सांगतो: हा धंदा चांगला आहे, जरूर करा. पण या कामात तुमची पत टिकवतील ती तुम्ही नाकारलेली कामं.

मागणी खरी आहे. 2014 मध्ये सेलेरिओ एएमटी आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. बोईसर स्टेशन ते एमआयडीसी हा रस्ता शिफ्ट सुटताना एकदा चालवून बघा, लोकांना क्लच का नकोसा होतो ते कळेल. पण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं आहेत.

एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्याला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं, आणि ज्या फिल्टरचे पैसे तुम्ही सांगणार, तो त्यात नसतोच! टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ लागतं आणि फिल्टर बहुतेक वेळा चेंबरच्या आत असतो. काहींमध्ये तो गिअरबॉक्स न खोलता बदलताच येत नाही. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, त्याचं तेल वेगळं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो आणि पुली खराब होतात. चौथा डीसीटी, दोन क्लचचा. सुरुवातीला त्याला हातच लावू नका.

म्हणून ग्राहकाचा फोन आला की भाव सांगू नका. मॉडेल, साल आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातलं तेलाच्या स्पेसिफिकेशनचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. ते मिळालं नाही तर काम घ्यायचं नाही.

कामातल्या चार जागा, जिथे नवखा अडकतो

पहिली: तेल काढायच्या आधी तेल भरायचा बोल्ट उघडून बघा. तो जाम असेल आणि तुम्ही खालून तेल काढून बसलात, तर ग्राहकाची गाडी त्याच्याच दारात अडकली.

दुसरी: गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंनी सारखी उचललेली आणि जॅक स्टँडवर पक्की हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल तर काम तिथे करू नका.

तिसरी: जेवढं निघालं ते मापाच्या जगात मोजा. खालचा बोल्ट उघडून सगळं तेल कधीच निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपात राहतं. पुस्तकातला एकूण आकडा वाचून तेवढं ओतलं तर तेल जास्त होतं, फेसाळतं. म्हणून निघालं तेवढं भरा. मग इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर फिरवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला लेव्हल तपासा. बऱ्याच गाड्यांना आता डिपस्टिक नसते, त्यामुळे तापमान वाचणारा स्कॅनर लागतोच.

चौथी: चेंबरचे बोल्ट जीव लावून आवळू नका. ते फार कमी ताकदीने आवळायचे असतात, टॉर्क पाना वापरा. चेंबर उघडल्यावर चुंबकावर बारीक करडा चिखल दिसला तर तो बहुधा नेहमीच्या झिजेचा. चमकणारे तुकडे दिसले तर तिथेच थांबा, ग्राहकाला बोलावून दाखवा, फोटो काढा.

हिशोब मांडा

समजा, चार लिटर तेल 900 रुपये दराने 3,600. फिल्टर 1,500, पॅकिंग आणि वॉशर 400, क्लीनर-चिंध्या 150, पेट्रोल 100. झाले 5,750. कुणीतरी 6,000 मध्ये करतो म्हणून तुम्हीही 6,000 सांगितले, तर तीन तास गाडीखाली झोपून मिळाले 250 रुपये. त्यात एक वॉशर गळला की दुसरी फेरी तुमच्या खिशातून. मजुरी किमान 1,500 धरा, 7,250 सांगा, आणि त्यातला थोडा भाग चुकांसाठी बाजूला ठेवा. परवडत नसेल तो ग्राहक जाऊ दे.

आता नकाराची कामं. गाडी वॉरंटीत आहे? नाही. गिअर आधीच घसरतोय, झटके देतोय आणि मालक म्हणतो “तेल बदलून बघू”? नाही. झिजलेला क्लच तेलाने भरून येत नाही, पण उद्या गाडी बंद पडली की “याने हात लावला आणि बिघडली” हेच गावभर होणार. गिअरबॉक्सचा खर्च तुमच्या वर्षभराच्या कमाईवर पाणी फिरवेल. कुंभवली, बोईसर, पालघर हा पट्टा तसा छोटाच. इथे एक नाराज ग्राहक शंभर पत्रकांना भारी पडतो.

शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काढलेलं तेल कुठे जाणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिलं होतं, प्रदूषणात. आपल्या नाल्यांचं पाणी काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको. कंपन्यांना शिव्या देणारे आपण चार लिटर काळं तेल गटारात ओतणार असू, तर बोलायचा हक्क राहत नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेलही येतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, अधिकृत रिसायकलरकडेच द्या, पावती ठेवा. आणि हे ग्राहकाला आवर्जून सांगा. पार्किंगमध्ये डाग न ठेवता, जुनं तेल सोबत घेऊन जाणारा माणूस लक्षात राहतो.

त्या तरुणाला मी गृहपाठ दिलाय, तोच तुम्हालाही. पहिले तीन महिने फक्त एकाच प्रकारचा गिअरबॉक्स, दोनच मॉडेल. पहिलं काम स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या गाडीवर, शेजारी अनुभवी मिस्त्री उभा करून, त्याला त्याची मजुरी देऊन. प्रत्येक कामाची वही: किती निघालं, किती भरलं, किती तापमानाला तपासलं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे, ती आजच करा.

त्याने शेवटी विचारलं, “सर, मग सुरुवातीला कामं फार कमी मिळतील ना?”

हो, मिळतील. पण त्यातलं एकही परत येणार नाही.