कुर्बान नावाची पळवाट



आपल्या धर्मग्रामांमध्ये एक वाक्य फार सहज बोलले जाते. कोणी 60 व्या वर्षी शाळेतून, बँकेतून, रेल्वेतून निवृत्त होतो आणि पुढच्याच रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात त्याच्या खांद्यावर हात पडतो. "चला, सुटलात एकदाचे! आता देवाच्या कामाला लागा." दोन महिन्यांत सणाची कमिटी, दफनभूमीचा हिशेब, वॉर्डातल्या रोझरीची जबाबदारी असे सगळे त्याच्या नावावर चढते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. वाक्य मात्र वाईट आहे, आणि ते आपण बंद करावे म्हणून हे लिहितो आहे.

कारण तो माणूस सुटलेला नसतो. त्याचे वडील 88 वर्षांचे असतात आणि आई 84 ची. पूर्वी निवृत्त होणाऱ्याचे आईवडील बहुधा भिंतीवरच्या तसबिरीत असत. आज ते आतल्या खोलीत असतात. ही देवाची कृपाच आहे. पण या कृपेला उठवून बसवावे लागते, न्हाऊ घालावे लागते.

आमच्या बेळगाव भागात तर तरुण पोरे पुण्याला, गोव्याला, बेंगळूरुला नाहीतर आखातात. त्यामुळे म्हाताऱ्यांना म्हातारेच सांभाळतात. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याने 60 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ज्येष्ठ नागरिक मानले आहे. म्हणजे सांभाळणारा ज्येष्ठ आणि ज्याला सांभाळायचे तोही ज्येष्ठ. नोव्हेंबर आला की बाप आणि लेक दोघांच्याही हयातीच्या दाखल्याची धावपळ. लेकाचा अंगठा मशीन घेते. बापाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून घेत नाही. चेहरा दाखवून करायचे तर ते मोबाइलकडे बघतच नाहीत. फ्रिजवर गोळ्यांचे तीन डबे, आणि लेकाच्या स्वतःच्या बीपीची गोळी त्या गडबडीत राहून जाते.

रात्रीचे तर बोलूच नये. वडील पहाटे तीनला पँट चढवून दाराशी उभे, कामावर जायचे म्हणतात. आईचे सोडियम उतरले की ती स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, दवाखान्यातून परत आली की ओळखते आणि विचारते, "तू एवढा वाळलास कशाने?" अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. 60 किलोचे शरीर, आणि उचलणाऱ्याच्या स्वतःच्या कमरेला पट्टा. हा माणूस मोकळा आहे असे आपण कोणत्या हिशेबाने म्हणतो?

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त टोचणारी आहे. काही जणांना हे वाक्य हवेच असते. घरातल्या त्या खोलीपासून सुटायला चर्चसारखी दुसरी जागा नाही. क्लबात जाऊन बसले तर लोक नावे ठेवतील. चर्चच्या मीटिंगला गेले तर शाबासकी मिळते. (मीटिंगपेक्षा मीटिंगनंतरच्या चहाला जास्त वेळ लागतो, ते वेगळे.) आणि हे महाशय सणाच्या मांडवाचे दर ठरवत असतात तेव्हा घरी त्यांच्या आईचे डायपर कोण बदलते? त्यांची बायको. ती स्वतः 58 ची, गुडघे गेलेली, आणि जिचे डायपर ती बदलते ती तिची जन्मदाती नव्हे, सासू. तिची स्वतःची आई माहेरी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. सणाच्या दिवशी आभारप्रदर्शनात नवऱ्याचे नाव माइकवरून घेतले जाते. तिने मात्र त्या दिवशीची मिस्सा मोबाइलवर ऐकलेली असते, तीही अर्धीच.

याला पवित्र शास्त्रात नाव आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडा. यरुशलेमेहून आलेले शास्त्री आणि परूशी येशूच्या शिष्यांना न धुतलेल्या हातांवरून बोल लावतात. प्रभू हातांची चर्चा बाजूला ठेवतो आणि त्यांना भलत्याच गोष्टीवर पकडतो: कुर्बान. एखाद्याने आपली मिळकत देवाला अर्पण, म्हणजे कुर्बान, असे म्हटले की ती आईवडिलांना देण्यातून तो सुटायचा, आणि त्याने आईवडिलांसाठी पुढे काही करू नये याला धर्मशास्त्र्यांची मुभा असायची. प्रभू म्हणतो की तुम्ही परंपरेच्या नावाने देवाचे वचनच रद्द केलेत. तेव्हा कुर्बान व्हायचा तो पैसा. आज पैसा उरतो, पेन्शन येते; कुर्बान होतो तो वेळ. जो वेळ आईच्या खाटेशी द्यायचा तो आपण देवाला दिला म्हणून सांगतो, आणि आपण सगळे टाळ्या वाजवतो.

इथे कोणीतरी मत्तयचा दहावा अध्याय काढणार, मला ठाऊक आहे. जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, या अर्थाचे प्रभूचे बोल तिथे आहेतच. पण ते बोल कोणाला? घराचे निमित्त सांगून प्रभूला टाळणाऱ्याला. मार्कच्या सातव्या अध्यायातले बोल प्रभूचे निमित्त सांगून घराला टाळणाऱ्याला आहेत. दोन वेगळी दुखणी आहेत, एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये. आणि ज्याने हे दोन्ही सांगितले त्याने क्रूसावर श्वास अडखळत असताना आपल्या आईची सोय लावली, हे योहानाने लिहून ठेवले आहे. जगाच्या तारणाचे काम चालू असताना त्याला आईसाठी सवड होती. आपल्याकडे मांडवाच्या कामामुळे नसते!

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही चौथी आज्ञा (प्रॉटेस्टंट बांधवांच्या मोजणीत पाचवी) मुलांना शिकवतो: उलट बोलू नका, ऐका, अभ्यास करा. ठीक आहे. पण सीनाय पर्वताशी ती ऐकायला उभे होते ते मोठे लोक, ज्यांच्या तंबूत थकलेले आईबाप होते. आज्ञा मुळात त्यांच्याही गळ्यात आहे. सिराखच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तर स्पष्टच सांगतो की बापाची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घे. पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण तो वाचतो. पौलही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात सांगतो की मुलानातवंडांनी भक्ती आधी आपल्या घरात शिकावी. 'आधी' या शब्दाकडे लक्ष द्या.

आणि जे खरोखर खाटेशी बसले आहेत त्यांना आपण काय देतो? बोलणी. "हल्ली दिसत नाही रविवारी?" कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, क्रमांक 2181 मध्ये, रविवारची मिस्सा चुकण्याला गंभीर कारण असू शकते असे म्हटले आहे आणि उदाहरणे दिली आहेत: आजारपण, तान्ह्या बाळांची देखभाल. तान्हे बाळ उचलून तरी आणता येते. 85 वर्षांचे बाळ कसे आणणार? ज्याला खरोखरच घर सोडता येत नाही त्याला या क्रमांकाचा आधार आहे, त्याने अपराधी वाटून घेऊ नये. त्याला जे विचारतात त्यांनी मात्र पुढच्या वेळी प्रश्नाऐवजी स्वतः जाऊन एक तास खाटेशी बसावे.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा आणि ज्येष्ठांचा दिवस म्हणून ठरवून दिला. आपल्याकडे त्या दिवशी शाल, फूल, फोटो होतात. जे चालत येऊ शकतात त्यांनाच शाल मिळते, हे कोणाच्या लक्षात आले आहे का? शालींचे पैसे एखाद्या वॉटरबेडला आणि चाकाच्या खुर्चीला लावा, धर्मग्रामात ठेवा, ज्याला लागेल त्याने न्यावी आणि परत आणावी. दृढीकरणाच्या वर्गातली मुले, सोबत एक मोठे माणूस, रविवारी दोन तास एका घरी बसू शकतात. आजोबांच्या त्याच गोष्टी तिसऱ्यांदा ऐकायला त्यांना कंटाळा येत नाही, आपल्याला येतो. त्या दोन तासांत नवराबायको दोघे मिस्सेला येतील, शेजारी शेजारी बसतील. आणि कोणाला कमिटीत घ्यायचे तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जे जातात त्यांना एक विनंती. आजीची प्रार्थना झाली की दार उघडणाऱ्या बाईकडे वळा आणि विचारा, तुम्ही शेवटच्या मिस्सेला कधी आला होता? उत्तर वहीत लिहून घ्या आणि फादरांना दाखवा.