मोटारीचा चेहरा उजळला. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांचे काय?

मोटार अपघात दाव्यांची वकिली करणाऱ्या माणसाला पंचनामे वाचण्याची सवय लागते. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, चपला कोठे पडल्या, विजेचा खांब होता की नव्हता, हे सारे त्यात असते. माझ्या हाताखालून गेलेल्या पंचनाम्यांत एक गोष्ट मात्र मला कधी आढळली नाही. गाडीचा दिवा कसा होता आणि त्याचा झोत कोठे पडत होता, हे कोणी लिहीत नाही. पहाटे पाच वाजता रस्ता झाडताना मारल्या गेलेल्या एका सफाई कामगार भगिनीच्या दाव्यात चालकाने जबाब दिला होता, की समोरून आलेल्या गाडीच्या पांढऱ्या उजेडात मला काहीच दिसले नाही. ती समोरची गाडी निघून गेली. तिचा नंबर नाही, तिच्यावर गुन्हा नाही. विमा कंपनीच्या वकिलाने मात्र त्या भगिनीच्या मुलाला उलटतपासणीत विचारले, की तुझ्या आईने चमकणारा पट्टा घातला होता काय?

हा प्रश्न मला परवा पुन्हा आठवला, तो विजेवर चालणाऱ्या एका मोटारीची जाहिरात पाहताना. काळोखात आधी एक पांढरी रेघ उजळते, ती गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, आणि मग गाडी दिसते. गाडीची किंमत नंतर, ती किती किलोमीटर जाते हे नंतर, आधी तिचे दिवे.

असे का झाले? पेट्रोलच्या गाडीला इंजिन थंड ठेवण्यासाठी पुढे मोठी जाळी लागते. त्या जाळीवरूनच लहान मुलेसुद्धा गाडीची कंपनी ओळखत. विजेच्या गाडीला एवढी हवा लागत नाही, म्हणून तिचे तोंड बंद झाले. मग ओळख कशाने द्यायची? कंपन्यांनी दिव्याला हात घातला. त्याची सुरुवात विजेच्या गाड्यांच्या आधीची आहे. ऑडी कंपनीने २००४ च्या सुमारास आपल्या महागड्या ए-८ गाडीवर दिवसा पेटणारे एलईडी दिवे लावले आणि ते दिवे हीच त्या गाडीची सही झाली. विजेच्या गाड्यांनी ही सही आणखी लांब ओढली. ह्युंदाईच्या आयोनिक-५ चे दिवे चौकोनी ठिपक्यांचे आहेत. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीला सप्टेंबर २०२३ मध्ये बॉनेटखाली अखंड पट्टी आली, आणि गाडी उघडताना-बंद करताना तो उजेड स्वागताचा व निरोपाचा खेळ करतो. महिंद्राच्या बीई-६ ला इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे दिवे आहेत. ती गाडी २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे संविधान दिनी, चेन्नईत दाखवली गेली. तिचे मूळ नाव ‘बीई ६ई’. त्यातल्या ‘६ई’ वरून इंडिगो विमान कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि पंधरवड्याच्या आत महिंद्राने नाव बदलले. दोन अक्षरांच्या मालकीसाठी या देशात इतक्या लवकर दाद मागता येते. डोळे दिपल्याची तक्रार पायी चालणाऱ्याने कोठे न्यायची, हे मी वीस वर्षे वकिली करूनही सांगू शकत नाही.

येथे गैरसमज नको. विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. धूर सर्वात आधी रस्त्याकडेच्या वस्तीच्या छातीत जातो, हे आम्ही जाणतो. डीआरएल, म्हणजे दिवसा चालत्या गाडीचे पेटते दिवे, हेही मुळात लोकांच्या भल्यासाठीच आले. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्याचा दिवस अंधुक असतो, म्हणून स्वीडनने १९७७ सालीच दिवसा दिवे सक्तीचे केले. कॅनडाने १९८९ च्या अखेरीपासून नव्या गाड्यांना ते लावायला सांगितले, युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना. या दिव्याचे काम रस्ता दाखवणे नव्हे. गाडी येते आहे एवढेच इतरांना कळवणे. म्हणून युरोपच्या नियमात त्याची ताकद ४०० ते १२०० कॅंडेला इतकीच बांधून दिली आहे. म्हणजे हा दिवा कायद्याच्या दृष्टीने मालकासाठी नाही, रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आपल्याकडे सक्ती कोणावर झाली ते पाहा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा सदैव पेटता राहतो, बंद करण्याचे बटणच काढून टाकले. निर्णय योग्यच होता, कारण मरणाऱ्यांत दुचाकीस्वार सर्वाधिक. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायी चालणारे. परंतु दुचाकीवाल्याच्या दिव्याला कर्तव्य समजणारी व्यवस्था मोटारवाल्याच्या दिव्याला दागिना समजते, हे मला खटकते.

दागिन्याचा धोका कसा असतो? संध्याकाळी साडेसहाची वेळ घ्या. विजेच्या गाडीत चालकासमोरचा पडदा नेहमीच उजळलेला असतो. पुढची पट्टी रस्त्यावर थोडा उजेड टाकते. चालकाला वाटते दिवे लागले आहेत. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून सायकलवर येणाऱ्या कामगाराला पुढे काळोखच दिसतो. कॅनडात अशा गाड्यांना भुताच्या गाड्या म्हणू लागले, आणि शेवटी सप्टेंबर २०२१ पासून तेथे नियम आला, की नव्या गाडीत एक तर मागचे दिवेही सोबत लागले पाहिजेत, किंवा अंधारात सारे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा ते लागेपर्यंत चालकासमोरचा फलक काळा राहिला पाहिजे. गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च तो काय!

आता मुख्य दिव्याकडे येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांतील नियम १०६ प्रत्येकाने एकदा वाचावा. दिव्याचा झोत असा खाली वळवलेला असावा, की ‘कोणत्याही व्यक्तीचे’ डोळे दिपू नयेत, असे तो म्हणतो. शब्द उत्तम आहेत. चालक नव्हे, मालक नव्हे, कोणतीही व्यक्ती. पण पुढची मोजमापे पाहा. त्या व्यक्तीचे डोळे दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरले आहेत. आपल्याकडे उजवी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाची बाजू. दीड मीटर म्हणजे उभ्या प्रौढ माणसाचे डोळे. डावीकडे कडेने चालणारा, टोपलीमागे बसलेली भाजीवाली, वाकून झाडणारी बाई, शाळेतून परतणारे लेकरू, यांचे डोळे या मोजपट्टीत येतच नाहीत. शिवाय डावीकडची कड दिसावी म्हणून आधुनिक दिव्यांचा झोत डाव्या बाजूला मुद्दाम थोडा वर उचललेला असतो. तेथेच आपली माणसे चालतात.

नव्या गाड्यांत बारीक डीआरएल वर आणि मुख्य दिवा खाली बंपरमध्ये, अशी मांडणी येत आहे. समोरच्या चालकाच्या दृष्टीने ती बरी आहे, दिवा जितका खाली तितकी तिरीप कमी. पण बसलेल्या माणसाच्या तो थेट तोंडासमोर येतो. महागड्या गाड्यांत ‘मॅट्रिक्स’ दिवे आले आहेत. कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि तेवढ्यापुरता झोत कापतो. कॅमेरा ओळखतो तो मुख्यतः समोरच्या वाहनाच्या दिव्यावरून. ज्याच्यापाशी दिवाच नाही, त्याच्यासाठी झोत कशावरून कापायचा?

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसले आहे, हे नमूद केले पाहिजे. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांच्या २०१२ च्या याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पादचाऱ्यांच्या सुरक्षेबाबत आदेश दिले. त्यात हेडलाइटची कमाल तीव्रता आणि झोताचा कोन ठरवा, पीयूसी व फिटनेस तपासणीच्या वेळी तो तपासा, असेही सांगितले. आदेश आला की अंमलबजावणी झाली असे आपल्याकडे होत नाही. पीयूसीच्या टपरीवर झोत मोजण्याचे यंत्र मी तरी अजून पाहिलेले नाही.

कारवाई होते ती बहुधा गॅरेजवाल्यावर किंवा रिक्षावाल्यावर. जाहिरातीतला पांढरा चेहरा पाहून तोही जुन्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवतो. जुना परावर्तक त्या बल्बसाठी बनवलेलाच नसतो, म्हणून उजेड वाटेल तिकडे फाकतो. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकास ५,००० रुपये दंड आहे, कैदही आहे. तो दंड जरूर करा. पण कारखान्यातून निघालेल्या दिव्याने डाव्या बाजूच्या माणसाचे काय होते, हे आधी कोणी मोजणार की नाही?

आणि मोजायला सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना सवलती आहेत. अटल सेतूवर त्यांचा टोल ऑगस्ट २०२५ पासून माफ झाला. तो पैसा सार्वजनिक आहे. सवलत घेणाऱ्या गाडीने मागचे दिवे आपोआप लावावेत, आणि तिच्या झोताची चाचणी डावीकडे, एक मीटर उंचीवरही व्हावी, एवढी अट शासनाला घालता येईल.

तोपर्यंत वकील मित्रांसाठी एक काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली अपघातातील वाहनाची तपासणी होते. अहवालात ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची नोंद येते. दिव्याच्या झोताचीही नोंद व्हावी, असा अर्ज वाहन पोलीस ठाण्यातून सुटण्यापूर्वीच द्या. एकदा गाडी सुटली, की दिवा बदलायला अर्धा तास पुरतो.