ऋण कोणाचे आणि फेडायचे कोणी?

पृथ्वीच्या तापमानाचा प्रश्न शास्त्रज्ञांचा आणि मुत्सद्द्यांचा. त्यात धर्माच्या माणसांनी लुडबूड कशाला करावी, असे आमच्या मित्रमंडळीत नेहमी म्हटले जाते. कार्बन मोजायचा की आरत्या म्हणायच्या, असा टोमणाही वर असतो. मला मात्र वाटते, त्या मेजावर एक खुर्ची त्यांची असलीच पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपाईन्सवर हैयान हे चक्रीवादळ आदळले. ६ हजारांहून अधिक माणसे गेली. तीनच दिवसांनी वॉर्सा येथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद सुरू झाली आणि त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले. तिकडे त्यांचा भाऊ प्रेते गोळा करीत होता. ठोस काही पदरात पडेपर्यंत या परिषदेत आपण अन्न घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. उपोषणाचे आपल्याला नवल नाही; पण मसुद्यातल्या एकेका शब्दावर रात्री जागवणाऱ्या त्या सभागृहाला ते चटका लावून गेले. पुढे २०१५ मध्ये हेच सान्यो सोबत्यांसह रोमहून पॅरिसला पायी निघाले. दोन महिने, सुमारे १,५०० किलोमीटर. आपण याला सरळ वारी म्हणू. पॅरिसमध्ये निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी गोळा केलेल्या सुमारे १८ लाख सह्या संयुक्त राष्ट्रांच्या हाती दिल्या गेल्या.

तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करू, हे शब्द पॅरिस करारात या चालण्यामुळे आले, असे मी म्हणणार नाही. बुडू लागलेल्या लहान बेटांच्या देशांनी ते वर्षानुवर्षे लावून धरले म्हणून आले. धर्माची माणसे करतात ते काम वेगळे. मुत्सद्दी ज्याला 'वित्तपुरवठा' म्हणतो, त्याला ती 'ऋण' म्हणतात. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात श्रीमंत उत्तर गरीब दक्षिणेचे पर्यावरणीय देणे लागते, असे स्वच्छ सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी जाहीरनामा काढला आणि तेलसंपन्न देशांनाच बजावले की शतकाच्या मध्यापर्यंत हे धूर ओकणे बंद करा. हे घरच्यांनी घरच्यांना सांगणे होते. परक्याने सांगितले असते तर उडवून लावले गेले असते.

तुवालूत तर गोष्ट याहून नाजूक. देवाने नोहाला इंद्रधनुष्याची खूण दाखवून पुन्हा जलप्रलय न करण्याचे वचन दिले आहे, तेव्हा आपली बेटे बुडणार नाहीत, असे मानणारे भाविक तिथे आहेत. हा पूर माणसाने आणलेला आहे, हे त्यांना तज्ज्ञाच्या आलेखाने कसे पटावे? ते पाद्र्यालाच सांगावे लागेल.

अर्थात मंडप घातला म्हणजे यज्ञ झाला असे नव्हे. २०२३ च्या दुबई परिषदेत प्रथमच सर्वधर्मीयांसाठी स्वतंत्र दालन होते. आणि परिषदेचे अध्यक्ष होते सरकारी तेल कंपनीचे प्रमुख! प्रवचनांनी भारावून जाणाऱ्यांनी हेही पाहावे. मला जाहीरनाम्यांपेक्षा पैशाचे निर्णय अधिक बोलके वाटतात. जागतिक चर्च परिषदेने २०१४ मध्ये खनिज इंधनांत पैसा न गुंतवण्याचे ठरवले. चर्च ऑफ इंग्लंडचा निधी सांभाळणाऱ्यांनी २०२३ मध्ये बड्या तेल कंपन्यांना आपल्या गुंतवणुकीतून वगळले.

आणि आपण? २०१५ चा हिंदू जाहीरनामाही आहे, त्याचे शीर्षकच भूमिदेवीचा जयजयकार करणारे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून अन्न शिजवण्याची सोय झाली, ती कौतुकाचीच. पण आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो आणि त्यातच वारकरी स्नान करतात. उत्तरेचे ऋण ऐकायला आपल्याला गोड वाटते. या नदीचे ऋण कोणाच्या खात्यावर मांडायचे? मोठ्या देवस्थानांच्या ठेवी बँकेत असतात. बँक तो पैसा पुढे कोणाच्या कारखान्याला, कोणाच्या कोळशाच्या खाणीला कर्जाऊ देते, असे विश्वस्तांना विचारणारा भाविक मला तरी अजून भेटलेला नाही.